वापरलेली रिव्हॉल्व्हर: विकत घ्यावी, बदलून घ्यावी की सोडून द्यावी?

परवाना मंजूर झाल्याची बातमी फुटली की सल्ला देणाऱ्यांची रांग लागते. एकाच्या काकांकडे 'ओरिजिनल इंग्लंडची' वेबली असते. दुसऱ्याच्या ओळखीचे गृहस्थ वय झालं म्हणून आपली काढायच्या विचारात असतात. आणि गन हाऊसवाला म्हणतो, तुमची बारा बोअर बंदूक इथे द्या, वर थोडे टाका आणि रिव्हॉल्व्हर घेऊन जा. हा लेख त्या नवख्या परवानाधारकासाठी आहे. परवाना नसेल तर पुढचं वाचून उपयोग नाही. 'आत्ता घेऊन ठेवा, कागद मागाहून करू' म्हणणाऱ्याकडे तर दुसऱ्यांदा जाऊही नका. शस्त्र कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाल्यापासून विनापरवाना शस्त्र बाळगल्याची शिक्षा किमान २ आणि कमाल ५ वर्षं आहे.

भाव कशाचा लागतो?

आपल्याकडे जुन्या रिव्हॉल्व्हरचा भाव लोखंडावरून ठरत नाही, टंचाईवरून ठरतो. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य परवानाधारकाला परदेशी पिस्तूल-रिव्हॉल्व्हर आयात करता येत नाही. त्याआधी जी स्मिथ अँड वेसन, कोल्ट, वेबली देशात आली तीच आजही हातोहात फिरते आहे. परदेशात कुणी वळून पाहणार नाही अशी झिजलेली कोल्ट इथे लाखांत बोलली जाते. ते पैसे बहुतेक बॅरलवरच्या नावाचे असतात.

नव्या मालाचे पर्याय मोजकेच. कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीची .३२ रिव्हॉल्व्हर सगळ्यात जास्त दिसते. ती वेबलीच्या जुन्या घडणीवर बेतलेली, मधून मोडून उघडणारी आणि सहा गोळ्यांची आहे. वजन सुमारे ७०० ग्रॅम. २०१४ मध्ये कानपूरच्याच फील्ड गन फॅक्टरीने हलकी 'निर्भीक' काढली, तेव्हा तिची किंमत सव्वा लाखाच्या आसपास होती. २०२३ मध्ये 'प्रबल' आली, तिचा सिलिंडर (गोळ्या भरायचं फिरतं नळकांडं) बाजूला उघडतो. वेबली अँड स्कॉटच्या नावाची रिव्हॉल्व्हरही आता उत्तर प्रदेशात संडीला इथे बनते. नवीन घेताना जीएसटी विसरू नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून रिव्हॉल्व्हर आणि पिस्तुलावर तो ४० टक्के आहे, आधी २८ होता. एका परवानाधारकाने आपली खाजगी रिव्हॉल्व्हर दुसऱ्याला विकली तर हा कर लागत नाही. त्यामुळे नीट ठेवलेली, कमी चाललेली कानपूरची जुनी रिव्हॉल्व्हर हाच माझ्या मते नवख्यासाठी सगळ्यात शहाणा सौदा. विलायती नाव हवं असेल तर जरूर घ्या, पण ती हौस आहे हे स्वतःला सांगून घ्या.

नेमबाजीच्या स्पर्धेसाठी घ्यायचा विचार असेल तर थांबा. तीन इंची बॅरलच्या रिव्हॉल्व्हरने स्पर्धा खेळता येत नाहीत. वरळीच्या महाराष्ट्र रायफल असोसिएशनसारख्या ठिकाणी किंवा जवळच्या क्लबात जाऊन आधी तिथले नेमबाज काय वापरतात ते बघा.

आधी कागद, मग हत्यार

विकणाऱ्याच्या घरी गेल्यावर तो कपाट उघडायला उठला की त्याला म्हणा, आधी परवाना दाखवा. यात कुणी रागावत नाही. रागावला तर तुमचे पैसे वाचले.

परवान्यावर यूआयएन, म्हणजे राष्ट्रीय नोंदणीचा क्रमांक आहे का? मुदत संपलेली नाही ना? त्यावर लिहिलेला हत्याराचा क्रमांक, बनवणाऱ्याचं नाव आणि बोअर, म्हणजे नळीचं माप, उतरवून घ्या. मग हत्यार हातात आल्यावर अंकन्‌अंक ताडून पाहा. क्रमांक घासलेला किंवा नव्याने ठोकल्यासारखा वाटला तर तिथेच नमस्कार करून निघा. शस्त्र कायद्याच्या कलम ८ प्रमाणे ओळखीच्या खुणा खोडलेलं हत्यार ज्याच्याकडे सापडेल त्यानेच त्या खोडल्या असं धरलं जातं. तसं नाही हे सिद्ध करायचं ओझं तुमच्यावर येतं.

मालक वारला असेल आणि त्याची बायको किंवा मुलगा विकत असेल तर प्रकरण वेगळं. परवाना माणसाबरोबर संपतो, हत्यार पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा व्हायला हवं. वारसांना ते तिथूनच, रीतसर, पात्र माणसाला विकता येतं. घरातल्या ट्रंकेत ठेवलेलं 'बाबांचं' हत्यार दाखवून कुणी भाव सांगत असेल तर आधी जमा केल्याची पावती मागा. आणि बाबा तुमचेच असतील तर विकत घेण्याचा प्रश्नच नाही. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवानाधारकाचं वय ७० झालं किंवा हत्यार त्याच्याकडे २५ वर्षं झाली, यातलं जे आधी होईल तेव्हा तो जिवंतपणीच वारसाच्या नावे परवाना मागू शकतो.

खाजगी विक्रीचा कालावधी कायद्यातच लिहिलेला आहे. विकणाऱ्याने जिल्हा दंडाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवायचं, त्यात घेणाऱ्याचं नाव आणि पत्ता द्यायचा, आणि त्यानंतर किमान ४५ दिवस थांबायचं. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत परवान्याचं काम पोलीस आयुक्तालयाकडे असतं, बाकी जिल्ह्यांत जिल्हाधिकारी कार्यालयाकडे. बहुतेक ठिकाणी शस्त्र शाखेतला लिपिक विक्रीची परवानगी, ना-हरकत, परवान्यावरची नोंद असे आपले आपले कागद सांगतो. ते मुकाट्याने करा आणि प्रत्येक अर्जाची पोच घ्या. ४५ दिवसांच्या आत हत्यार 'बघायला म्हणून' घरी आणू नका. विसार द्यायचा तर रोख नको, चेकने द्या आणि 'परवानगी न मिळाल्यास परत' असं लिहून घ्या.

बत्तीस म्हणजे कुठली बत्तीस?

नवखे लोक सगळ्यात जास्त इथे फसतात. साध्या परवान्यावर निषिद्ध बोअर चालत नाही. रिव्हॉल्व्हरमध्ये .३८० आणि .४५५, पिस्तुलात ९ मिमी आणि रिमलेस .४५ ही मापं निषिद्ध आहेत. त्यांचा परवाना केंद्रीय गृहमंत्रालयाकडचा असतो. दुसऱ्या महायुद्धातली सरकारी वेबली किंवा एनफील्ड .३८० बोअरची असते आणि त्याआधीची मोठी वेबली .४५५. फौजेतल्या आजोबांची रिव्हॉल्व्हर म्हणून ती कितीही सुंदर दिसली तरी तुमच्या परवान्यावर चढणार नाही.

उरली .३२, आणि तिच्यातही भाऊबंद फार. परवान्यावर नुसतं '.३२' लिहिलेलं असतं, पण कानपूरची रिव्हॉल्व्हर .३२ स्मिथ अँड वेसन लाँगची आहे. जुन्या खिशातल्या छोट्या रिव्हॉल्व्हर आखूड .३२ स्मिथ अँड वेसनच्या असतात आणि त्यातल्या कित्येक काळ्या दारूच्या जमान्यातल्या. .३२ पिस्तुलाची गोळी तर निराळीच. काही जुन्या कोल्ट .३२ लाँग कोल्टच्या आहेत, तिच्या काडतुसाची जाडीच वेगळी. एकाची गोळी दुसरीत 'बसते' म्हणून चालते असं नाही. म्हणून बॅरलवर काय कोरलंय ते भिंग लावून वाचा. मग काडतुसं कुठे मिळतील ते विचारा. देशात .३२ ची काडतुसं खडकीच्या दारूगोळा कारखान्याची मिळतात, बुडावर 'केएफ' असा शिक्का असतो. १८६९ पासून चालू असलेला हा कारखाना आता म्युनिशन्स इंडिया कंपनीखाली आहे. त्याचं काडतूस जिच्यात चालत नाही अशी रिव्हॉल्व्हर वापरायला घेऊ नये, तिची जागा काचेच्या कपाटात.

विलायती हत्यारावर प्रूफचे, म्हणजे दारूचा दाब सोसतं हे तपासल्याचे, ठसेही शोधा. बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाऊसचा, मुकुटाखाली 'बीएनपी' अशी तीन अक्षरं असलेला ठसा दिसला तर ती आधुनिक धूरविरहित दारूवर तपासलेली आहे. 'नॉट इंग्लिश मेक' असा शिक्का दिसला तर घाबरू नका. दुसऱ्या देशात बनलेलं हत्यार इंग्लंडमध्ये प्रूफ झालं की तो ठोकत असत. तेवढ्यावरून विकणाऱ्याची 'ओरिजिनल इंग्लिश' ही बढाई मात्र आपोआप निकालात निघते.

हातात घेतल्यावर

हे काम विक्रेत्याच्या दुकानात किंवा क्लबात करा. कुणाच्या दिवाणखान्यात, पोरंबाळं फिरताना नको. नळीचं तोंड भिंतीकडे किंवा जमिनीकडे. ट्रिगरवर बोट नाही. उघडा, सहाही चेंबर (सिलिंडरमधली गोळ्यांची भोकं) डोळ्यांनी पाहा आणि बोट घालूनही पाहा. विकणाऱ्याने आत्ताच तुमच्यासमोर रिकामी केली असली तरी पुन्हा पाहा. रिकामा घोडा मारायच्या आधी परवानगी विचारा आणि डमी काडतुसं असतील तर ती घाला.

बरोबर एक फीलर गेज, छोटी टॉर्च, पांढऱ्या कागदाचा तुकडा आणि भिंग न्या. फीलर गेज म्हणजे मोटरसायकलचं टॅपेट लावताना मेकॅनिक वापरतो तोच पत्र्यांचा पंखा, हार्डवेअरच्या दुकानात मिळतो.

कानपूरच्या आणि वेबलीच्या घडणीत पहिली नजर बिजागरीवर. डाव्या बाजूची कळ दाबून हळूहळू उघडा. मधला तारा, म्हणजे मोकळी काडतुसं बाहेर ढकलणारी चकती, वर यायला हवा आणि पूर्ण उघडल्यावर टपकन् खाली बसायला हवा. तारा अर्ध्यावर अडकत असेल तर खाली माती किंवा जळलेली दारू असेल, किंवा दात झिजले असतील. आता बंद करून एका हाताने मूठ, दुसऱ्याने बॅरल धरा आणि वर-खाली, डावी-उजवीकडे हलवून पाहा. तिथे काहीही हललं नाही पाहिजे. हलत असेल तर बिजागरीची खीळ किंवा वरची कडी झिजली आहे, आणि गोळीचा सगळा धक्का त्या दोनच जागांवर येतो. जुन्या मोडून उघडणाऱ्या रिव्हॉल्व्हरचं हे ठरलेलं दुखणं, आणि दुरुस्तीला महाग. इथे खेळ सापडला तर पुढचं तपासत बसण्यात अर्थ नाही.

मग सिलिंडर. हॅमर, म्हणजे मागचा घोडा, अगदी सावकाश मागे ओढा आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने सिलिंडरला किंचित अडवत राहा. हॅमर पूर्ण मागे जाऊन अडकायच्या आत सिलिंडर 'टक' करून जागेवर पक्का व्हायला हवा. सहाही चेंबरला हे करा. पाच बरोबर आणि सहावं आळशी असं पुष्कळदा असतं. एकही चेंबर मागे राहिलं तर त्या चेंबरची गोळी बॅरलच्या तोंडाशी सरळ येत नाही, कडेला घासते, आणि बाजूने शिशाचे बारीक कण उडतात. जुन्या कोल्टमध्ये हा दोष जास्त दिसतो. त्यांची यंत्रणा नाजूक, जमवायला हातचा कसबी कारागीर लागतो आणि तसे कारागीर आता फार थोडे.

सिलिंडर आणि बॅरलमधली फट फीलर गेजने मोजा. ०.१ ते ०.२५ मिलिमीटर ठीक. ०.३ च्या पुढे असेल तर भाव खाली बोला किंवा सोडा. सिलिंडर पुढे-मागे ढकलून पाहा, जाणवण्याएवढा खेळ नको. हॅमर चढवून, ट्रिगरला हात न लावता अंगठ्याने मागून जरा जोर द्या. हॅमर सुटला तर ती रिव्हॉल्व्हर घ्यायची नाही, दुकानदाराने 'स्प्रिंग बदलून देतो' म्हटलं तरी.

बॅरलच्या मागच्या टोकाशी पांढरा कागद धरा, त्यावर टॉर्च मारा आणि समोरून आत पाहा. आटे, म्हणजे नळीतल्या वळणदार खाचा, धारदार दिसले पाहिजेत. काळे डाग म्हणजे गंज, थोडे असतील तर नेम बिघडत नाही. पण एखादी गडद गोल कडी दिसली तर सावध व्हा: कधीतरी गोळी आत अडकली आणि मागून दुसरी मारली गेली, त्याने बॅरल आतून फुगलं. बाहेरून बोट फिरवल्यावर कधी कधी तो फुगवटा हाताला लागतो. बॅरलचं मागचं तोंड, जिथे गोळी आत शिरते, तिथे भिंगाने तडा आहे का ते पाहा.

शेवटी रंग. चकचकीत काळीभोर जुनी रिव्हॉल्व्हर मला संशयास्पद वाटते. पुन्हा पॉलिश करून काळी केलेली असली की कोरलेली अक्षरं कडांनी पुसट होतात आणि स्क्रूच्या भोकांच्या कडा खळग्यासारख्या खचतात. कडांवर झिजून पांढरी पडलेली पण अक्षरं स्वच्छ असलेली रिव्हॉल्व्हर बरी. स्क्रूंच्या खाचा चेपलेल्या असतील तर कुणीतरी घरच्या पेचकसाने आत हात घातलेला आहे.

जमलं तर क्लबच्या रेंजवर, मालकाच्या उपस्थितीत आणि रेंजच्या नियमांत, प्रत्येक चेंबरमधून एक अशा सहा गोळ्या झाडून बघायला मागा. चष्मा घाला. मग मोकळी काडतुसं बघा: पिनचा खड्डा सगळ्यांवर मधोमध हवा, कवच कुठे फुगलेलं किंवा चिरलेलं नको.

अदलाबदलीचं गणित

२०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाला तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवता येतात. त्यामुळे शेतावरची बारा बोअर आणि आणखी एक हत्यार असलेल्याला रिव्हॉल्व्हर हवी असेल तर काहीतरी द्यावंच लागतं. इथे दोन गोष्टी लोक विसरतात. एक, कायद्याच्या दृष्टीने अदलाबदल म्हणजे दोन विक्री. दोन परवाने, दोन अर्ज, दोन नोंदी. दोन, बारा बोअरच्या परवान्यावर रिव्हॉल्व्हर आपोआप चढत नाही. परवाना कार्यालयाकडून तशी मंजुरी आधी हवी, नाहीतर बंदूक गेलेली आणि रिव्हॉल्व्हर दुकानात पडून, अशी गत होते.

पैशाचं म्हणाल तर दुकानदार 'तुमची द्या आणि वर इतके' असा एकच आकडा सांगतो. तो आकडा ऐकू नका. त्याला विचारा, माझी कितीला घेता? तुमची कितीला देता? दोन्ही भाव कागदावर वेगवेगळे लिहून घ्या, मग तुमची बारा बोअर दुसऱ्या दुकानात किती बोलते ते विचारून या. बहुतेकदा कळतं की रिव्हॉल्व्हरवर दिलेली सूट तुमच्या बंदुकीच्या भावातून आधीच काढून घेतलेली होती. जुनी चांगली दुनळी देऊन खिळखिळी विलायती रिव्हॉल्व्हर घेणं हा माझ्या मते सगळ्यात वाईट सौदा. दुनळीला शेतावर रोजचा उपयोग असतो आणि ती सहसा बिघडत नाही.

परवानाधारक मित्राशी थेट अदलाबदल करायची असेल तरी व्यवहार विक्रेत्याच्या रजिस्टरमधून जाऊ द्या. थोडे पैसे जातात, पण तारीख, क्रमांक, सही सगळं तिसऱ्या जागी नोंदलं जातं.

घरी आणल्यावर

परवान्यावर नोंद झाल्याशिवाय आणू नका, हे पुन्हा सांगतो. नोंद झाली की परवान्यात दिलेल्या मुदतीत हत्यार तपासणीला दाखवा. परवान्याची मुदत आता ५ वर्षं असते. नूतनीकरणाची तारीख फोनमध्ये टाका आणि तोपर्यंतच्या गोळ्यांच्या खरेदीची नोंद जपून ठेवा. हत्यार कुलपात, गोळ्या वेगळ्या कुलपात. लग्नात हवेत बार काढायची हौस असलेल्या मेहुण्याला आधीच सांगून टाका: अशा गोळीबाराला २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

चामड्याचं होल्स्टर फक्त बाळगायला, ठेवायला नाही. कोकणात, गोव्यात किंवा मुंबईत पावसाळाभर चामड्यात ठेवलेल्या रिव्हॉल्व्हरवर चामड्याचा ओलावा गंजाचे ठिपके उठवतो. तेलाचा हलका हात फिरवून सुती फडक्यात, सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा आणि जून ते सप्टेंबर दर पंधरवड्याला काढून पुसा.

निवडणूक जाहीर झाली की जमा करायची नोटीस येऊ शकते. ठाण्यात नेण्याआधी बॅरलमध्ये आणि चेंबरमध्ये जास्तीचं तेल सोडा, सगळ्या बाजूंनी फोटो काढा, आणि पावतीवर क्रमांकासोबत हत्याराची स्थितीही लिहून मागा. परत घेताना तो फोटो हातात धरूनच घ्या.